सरासरी नको, सर्वांत वाईट आकडा सांगा

डहाणू तालुक्यात चिंचणी, वरोर, वाणगावच्या पट्ट्यात सोन्याच्या दागिन्यांच्या डाय बनवणारी घरं आहेत. पोलादी ठोकळ्यावर हाताने नक्षी कोरणारे हे कारागीर. १९९१च्या अधिसूचनेनं तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, मोठ्या कारखान्यांवर बंधनं आली. इथलं बरंचसं काम घरामागच्या शेडमध्येच चालतं. या शेडमध्ये आता सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणारं मशीन, शिरलंय. नवं मशीन घ्यायचं तर लाखांचा खेळ, म्हणून कुणी जुन्या मिलिंगला स्टेपर मोटर बसवतो, कुणी राउटर जुळवून घेतो, आणि लॅमिंग्टन रोडवरून जुना ऑफिस पीसी आणून त्यावर लिनक्ससीएनसी टाकतो. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि उत्तमही आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेत त्याचा उगम झाला. अशा मशीनचे कंट्रोलर बसवणं नि बिघडलेले दुरुस्त करणं हे माझं काम, डहाणूपासून तलासरीपर्यंत.

तलासरीतल्या एका शेडचं सांगतो. मशीन नवं जुळवलेलं, पण नक्षीचा दुसरा पास पहिल्यावर बसत नव्हता. कधी बसायचा, कधी सरकायचा. मालक अर्धवट गमतीनं म्हणाला, "धुंदलवाडीचे धक्के आहेत, दुसरं काय." नोव्हेंबर २०१८ पासून आमच्याकडे, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे लहानमोठे धक्के बसत आलेत, त्यामुळे काहीही बिघडलं की भूकंपाच्या माथी मारायची सोय झाली आहे. मी डायल इंडिकेटर लावला. सरकलेलं अंतर ०.१ मिलिमीटर, कधी ०.२. मधलं काहीच नाही.

इथे शंका मिटली. दोनशे स्टेपची मोटर ताल चुकली की चार-चार पूर्ण स्टेपनीच घसरते. रोटरला पन्नास दात असतात, आणि एक दात म्हणजे चार स्टेप. ड्रायव्हरवर आठचं मायक्रोस्टेपिंग, बॉलस्क्रू पाच मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका मिलिमीटरला ३२० पल्स. चार स्टेप म्हणजे ३२ पल्स, म्हणजे बरोबर ०.१ मिलिमीटर. बॅकलॅश असता तर चूक दिशा बदलताना, दर वेळी जवळपास तेवढीच दिसली असती. हे स्टेप गळणं होतं. ड्रायव्हरचा करंट, वेग, ॲक्सिलरेशन सगळं तपासलं, ठीक होतं. पल्सच वेळेवर येत नव्हते.

स्क्रीनवर तसा इशाराही यायचा, 'अनपेक्षित रिअल-टाइम विलंब' अशा अर्थाचा. ऑपरेटर पोरगा ओके दाबून पुढे जायचा. "परत येत नाही ना साहेब, म्हणजे गेला तो एरर," हे त्याचं उत्तर. तो संदेश एका सत्रात एकदाच दिसतो, हे त्यातच लिहिलेलं असतं. नंतर शंभर वेळा विलंब झाला तरी स्क्रीन गप्प.

मशीन जुळवून देणाऱ्यानं पॅरलल पोर्टवरून पल्स काढले होते नि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकला होता प्रीएम्प्ट-आरटी. त्यानं लेटन्सी टेस्ट, म्हणजे पीसी किती उशिरा उठतो हे मोजणारी चाचणीही दाखवली होती, पण मिनिटभर, दुसरं काही न उघडता. आकडे छान दिसले, पैसे चुकते झाले.

पॅरलल पोर्टवर प्रत्येक पल्स पीसीलाच द्यावा लागतो, साधारण दर २५ मायक्रोसेकंदांनी एकदा उठून. नेहमीच्या मांडणीत एक पल्स चालू-बंद करायला दोनदा उठावं लागतं, म्हणून त्यातून सेकंदाला वीस हजार पल्स मिळतात, वरच्या हिशेबानं मिनिटाला ३७५० मिलिमीटर. आता पीसी हजार वेळा वेळेवर उठला नि एकदा ८० मायक्रोसेकंद उशिरा, तर सरासरी उत्तमच दिसेल, पण त्या एका वेळी मोटर घसरेल. डहाणू लोकल सरासरी पाच मिनिटं उशिरा येते म्हणून कुणाची नोकरी जात नाही; ज्या दिवशी ती विरारच्या अलीकडे तासभर उभी राहते, तो दिवस मोजावा लागतो.

म्हणून कर्नल कोणता, हा प्रश्न दुसरा. पल्स कोण काढणार, हा पहिला.

पीसीच काढणार असेल तर आरटीएआय हा दुसरा रिअल-टाइम पर्याय आजही सरस. तो लिनक्सच्या खाली बसतो, इंटरप्ट आधी स्वतः घेतो, आणि लिनक्सला उरलेला वेळ देतो. पण तो ठरावीक कर्नल आवृत्त्यांशीच जुळतो, आणि नव्या मदरबोर्डवर रडवतो. प्रीएम्प्ट-आरटीचं उलट: साधारण वीस वर्षं तो बाहेरचा पॅच होता, २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत मूळ लिनक्समध्ये आला. डेबियनमध्ये तयार मिळतो, नवी यंत्रं ओळखतो, पण उशिराची त्याची कमाल मर्यादा सहसा जास्त असते. पल्स काढायला मेसासारखं एफपीजीए कार्ड घेतलंत तर ती मर्यादा चालते, कारण मग पीसीला मिलिसेकंदातून एकदाच कार्डाशी बोलायचं असतं. इथरनेटचं कार्ड असेल तर लिनक्ससीएनसीत आरटीएआय चालतच नाही, प्रीएम्प्ट-आरटीच हवा. केबल मात्र पीसीतून थेट कार्डात. मध्ये राउटर नको, वायफाय तर नकोच.

माझं मत विचाराल तर आज नव्यानं जुळवणाऱ्यानं पॅरलल पोर्टच्या वाटेला जाऊच नये. एक बिघडलेला डाय ब्लॉक आणि त्यावरचे वाया गेलेले तास धरले, तर कार्ड महाग वाटत नाही.

टेस्ट नीट करायची तर ज्या पीसीवर मशीन चालणार तोच घ्या, नि ज्या शेडमध्ये चालणार तिथेच चालवा. टेस्ट चालू असताना खिडक्या ओढा, व्हिडिओ लावा, मोठी फाइल पेन ड्राइव्हवर टाका, आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी फक्त कमाल आकडा बघा. १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर पोर्टवरून छान चालेल. ३० ते ५० असेल तर चालेल, पण वेग पडेल. १०० च्या वर गेला तर पोर्टचा नाद सोडा. आणि हजाराच्या, म्हणजे एका मिलिसेकंदाच्या वर गेला तर कार्ड लावूनही तो पीसी या कामाचा नाही.

आकडा वाईट आला की लोक कर्नल बदलत बसतात. आधी बायोसमध्ये जा. हायपरथ्रेडिंग, प्रोसेसरची वीजबचत, वेग कमी-जास्त करणारी सोय, सगळं बंद करा. तरीही ठरावीक अंतरानं उंच टोक येत राहिलं तर बहुधा मदरबोर्ड स्वतःच्या कामासाठी प्रोसेसर हिसकावून घेतो आहे, आणि ते कर्नलला दिसतही नाही. तिथे कुठलाच कर्नल उपयोगी नाही, पीसी बदलायचा. तलासरीच्या त्या शेडमध्ये हेच निघालं. दुसरा जुना पीसी, त्याहून हळू प्रोसेसरचा, पण कमाल आकडा निम्म्याहून कमी. वेग थोडा उतरवला आणि डाय जुळू लागली. लॅपटॉपवर प्रयोग करण्यात तर वेळ घालवूच नका.

मशीन एकदा नीट चाललं की त्या पीसीवर अपडेट चालवू नका. पोरं मोबाइलचं नेट जोडतात, अपडेट होतं, दुसऱ्या दिवशी पीसी साध्या कर्नलवर उठतो. चालू कर्नलची आवृत्ती कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. इमर्जन्सी स्टॉपही कर्नलच्या भरवशावर ठेवू नका. लाल बटणानं ड्रायव्हरचा वीजपुरवठा थेट तारेनं तुटला पाहिजे.

मशीन जुळवून घेत असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी जुळवणाऱ्याकडून रात्रभराच्या टेस्टचा कमाल आकडा तुमच्या शेडमध्ये, तुमच्या डोळ्यांसमोर मागा, आणि तो बिलावर लिहून घ्या.