मस्कीचा रॉड आणि आपली मरळ

अगं, परवा फोनवर तू त्या नऊ फुटी रॉडची किंमत सांगितलीस तेव्हा मी गप्प बसले, कारण आई शेजारीच होती. तिच्यासमोर ‘मासे धरायच्या काठीला एवढे पैसे’ हा विषय निघाला असता तर त्या दिवशी घरात चहा झाला नसता. आता निवांत बोलते.

पहिल्या पगारात आईला साडी झाली, बाबांना चप्पल झाली, आणि उरलेल्यातून स्वतःसाठी गरवायचं सामान घ्यावं असं तुला वाटलं, याचा मला फार आनंद आहे. कोण काय बोलेल त्याची फिकीर करू नकोस. आपल्या नदीवर कातकरी बायका कधीपासून मासे-खेकडे धरतात, त्यांना कुणी विचारायला जात नाही. पगारदार मुलीने रॉड हातात घेतला की मात्र लोकांच्या भुवया वर जातात. जाऊ देत. माझी हरकत तुझ्या हौसेला नाही, त्या रॉडला आहे.

विस्कॉन्सिनचा आपला मावसभाऊ तुला मस्कीचे व्हिडिओ पाठवतो आणि तू ते बघून सामान निवडतेस. मस्की हा मासा आहेच तसा वेड लावणारा. पाईकच्या कुळातला, लांबलचक, दातांनी भरलेला जबडा. विस्कॉन्सिनने १९५५ मध्ये त्याला राज्याचा मासा केलं. तिथल्या हेवर्ड गावात त्याचा १४३ फुटी पुतळा आहे, माणसं त्याच्या पोटातून चालत जाऊन जबड्यात उभी राहतात. शेजारच्या मिनेसोटात ५४ इंचांहून लहान मस्की घरी नेता येत नाही, नदीत किंवा तळ्यात परत सोडावी लागते. यावरून तुला अंदाज येईल की ते लोक कसल्या माशामागे असतात. त्यांचं खोटं आमिष, म्हणजे ल्युअर, साठ ग्रॅमपासून कधी कधी पाव किलोपर्यंत भरतं. ते वजन दिवसभर फेकायचं म्हणून आठ-नऊ फुटांचा जाडजूड रॉड, ऐंशी पौंडी दोरी आणि दात लागू नयेत म्हणून पुढे तारेचा तुकडा.

आता आपलं बघ. जांभूळला उल्हासच्या काठावर तुला हवी आहे ती मरळ. तिच्यासाठी जो पोकळ रबरी बेडूक वापरतात तो दहा-पंधरा ग्रॅमचा. रॉड आमिष फेकतो तो स्वतः वाकून आणि मग सुटून. पाव किलोसाठी बनवलेला रॉड पंधरा ग्रॅमला वाकतच नाही. म्हणजे दुप्पट पैसे मोजून तुझा बेडूक पायापासून चार हातांवर पडेल. शिवाय आपल्या काठाला करंज, उंबर, बाभळी. मागे हात न्यायला जागा कुठे आहे? मस्कीवाले मोकळ्या तळ्यात होडीवरून फेकतात.

पण त्या व्हिडिओंतून एक गोष्ट जरूर उचल. मस्की आमिषाचा पाठलाग करत थेट होडीपाशी येते आणि तिथे ठरवते, म्हणून ते लोक आमिष पाण्याबाहेर काढण्याआधी रॉडच्या टोकाने पाण्यात आठचा आकडा काढतात. मरळही पुष्कळदा काठापर्यंत मागे येते. बेडूक हाताशी आला की घाईने उचलू नकोस. दोन क्षण तिथेच थांबव, हलकेच हलव.

खरेदी दोरीपासून सुरू कर. दुकानदार रॉडपासून सुरू करतो, कारण रॉड दिसायला छान असतो. बाबांच्या वेळचा तंगूस, म्हणजे साधी नायलॉनची दोरी, तुला माहीत आहे. स्वस्त, चिवट, पण ताणला की लांबतो. जलपर्णीच्या आत मरळीने बेडूक ओढला आणि तू झटका दिलास, तर अर्धा झटका तंगूसच पिऊन टाकतो. गळ तिच्या जबड्यात रुततच नाही. म्हणून विणलेली दोरी घे, जिला सगळे ब्रेड म्हणतात. आठ पदरी ब्रेड गुळगुळीत आणि महाग. तू चार पदरी घे. ती थोडी खरखरीत असते, पण जलपर्णीचे देठ कापत जाते, आणि आपल्याला तेच हवं आहे. डब्यावरच्या पौंडांवर जाऊ नकोस, स्वस्त दोऱ्यांवर तो आकडा हवा तसा छापलेला असतो. जाडी बघ. ०.२८ ते ०.३२ मिलिमीटर पुरे. रीळावर आधी थोडा साधा तंगूस गुंडाळून मग ब्रेड बांध. नाहीतर गुळगुळीत धातूवर ब्रेड अख्खीच्या अख्खी फिरत राहते आणि मासा ओढतोय की रीळ बिघडलंय ते कळत नाही. शिवाय त्या तंगूसमुळे महागाची ब्रेड शंभर मीटरच लागते. टोकाला दीड-दोन हात चाळीस पौंडी जाड तंगूस जोड. मस्कीसारखी तार मरळीला लागत नाही. शिवडा लागेल अशी आशा असेल तर वेगळी गोष्ट, त्याचे दात बारीक असले तरी जबडाभर असतात.

मग रीळ. मस्कीवाले वरच्या बाजूला बसणारं बेटकास्टर वापरतात आणि जड आमिषाला ते उत्तमच. पण हलका बेडूक, समोरून वारा आणि स्वस्तातलं बेटकास्टर असं जमलं की चाकाला दोरीपेक्षा जास्त वेग येतो आणि असा गुंता होतो की सकाळ तो सोडवण्यात जाते. तू साधं, खाली लटकणारं स्पिनिंग रीळ घे, ३००० किंवा ४००० आकड्याचं. शिमानोचं सिएना, डायवाचं सुरुवातीचं एखादं मॉडेल, डेकॅथलॉनच्या कॅपरलानमधलं एखादं, यांतलं जे हातात बरं वाटेल ते. खोक्यावर ‘१३ बेअरिंग’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं असेल तर भुलू नकोस. चार बऱ्या बेअरिंगचं रीळ तेरा भिकार बेअरिंगच्या रीळापेक्षा जास्त टिकतं.

दुकानातच ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रीळ दोरी सोडतं ते, तपास. वरचा स्क्रू अर्धा आवळ आणि दोरी हाताने सावकाश ओढ. ती एकसारखी सुटली पाहिजे. थांबली, मग झटक्याने सुटली, मग पुन्हा थांबली, तर ते रीळ परत ठेव, कितीही चमकत असू दे. मोठी मरळ जलपर्णीत घुसते तेव्हा नेमक्या त्याच झटक्याला दोरी तुटते. दोरी ज्या छोट्या चाकावरून रीळात वळते ते चाक बोटाने फिरतंय का, हेही बघ. ते अडकलेलं असेल तर ब्रेड त्यावर घासून खाच पाडते. आणि हँडल धरून मागेपुढे हलव. थोडी ढिलाई चालते, खडखडाट नाही.

रॉड शेवटी. सात फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम-हेवी. दोन तुकड्यांचा का, ते बदलापूरच्या लोकलमध्ये सकाळी साडेआठला सात फुटी अखंड काठी घेऊन चढशील तेव्हा समजेल. मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, दहा ते तीस ग्रॅम आमिष, बारा ते पंचवीस पौंड दोरी. तेवढं जुळलं की झालं. तिथला दोरीचा आकडा साध्या तंगूसच्या हिशेबाने छापलेला असतो, त्यामुळे थोडी जास्त पौंडांची ब्रेड चालते. फक्त ड्रॅग पूर्ण आवळून ओढाओढी करू नकोस. निव्वळ ग्रॅफाइट हलकं आणि छान असतं, पण दगडावर आपटलं, दारात चेपलं की बारीक चीर पडते आणि पुढच्या माशाला मोडतं. पहिल्या रॉडला फायबरग्लास किंवा दोन्हींचं मिश्रण बरं. शेक्सपिअरचा अग्ली स्टिक त्याच मिश्रणामुळे इतकी वर्षं टिकून आहे. कड्या तपासायला कापसाचा बोळा आतून फिरव. जिथे तंतू अडकतील तिथे चीर आहे, आणि चीर म्हणजे कापलेली ब्रेड. टेलिस्कोपिक रॉड मात्र अजिबात घेऊ नकोस. फोनवर तो फार स्वस्त दिसतो, पिशवीत मावतो, आणि बरोबर मोठ्या माशाला सांध्यावर पिचतो.

उल्हासनगरच्या मालाचा तो जुना विनोद तुला माहीतच आहे, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. मला तो विनोद आवडतो, त्या बाजाराची हुशारीही आवडते. पण रीळावर मोठं नाव आणि किंमत निम्मी असं दिसलं तर ते नाव वाच, अक्षरं नीट वाच. मोठ्या कंपनीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल नक्कल केलेल्या महागड्या मॉडेलपेक्षा केव्हाही बरं. सहा हजार हातात धरलेस तर मोघम हिशेब असा, रीळाला अडीच, रॉडला अठराशे, दोरीला नऊशे, बाकी बेडूक, गळ आणि लांब चोचीची पकड. पकड विसरू नकोस. मरळीच्या तोंडातून गळ बोटांनी काढायला गेलीस तर बोटं तुझी.

खरा बेडूक गळाला लावायचा नाही. पावसाळ्यात डराव डराव करणाऱ्या मोठ्या बेडकाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात तर १९८७ मध्येच बंद झाली, कारण शेतातले किडे खाणारं कुणी उरेना. रबरी बेडूक घे आणि त्याच्या गळाचे काटे पकडीने चेपून टाक.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून ती मधूनच वर येऊन पाणी हलवते आणि तिची जागा कळते. पावसात तिची लालसर पिल्लं गोळा होऊन पृष्ठभागावर तरंगतात आणि आईबाप खाली पहारा देतात. त्या घोळक्यावर बेडूक टाकला की ती हमखास झेप घेते, भूक म्हणून नाही, राखण म्हणून. व्हिडिओ बनवणारे असं करतात. तू करू नकोस. तिला उचललंस की घोळका तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो.

आणि पावसात नदीवर एकटी जायचंच नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, हजारावर माणसं होड्यांतून काढली. बारवी धरण भरून वाहू लागलं की खालच्या गावांना इशारा देतात. तो आपल्या गावालाही लागू असतो. त्याच बारवीच्या पाण्यामुळे उन्हाळ्यात, इतर नद्या आटल्या तरी, आपल्याकडे खोल डोह राहतात आणि एमआयडीसी आपल्या जांभूळच्या केंद्रात ते पाणी शुद्ध करते. बंधारा आणि पाणी उचलायची जागा यांच्यापासून लांब राहा. वालधुनीकडे तर रॉड नेऊच नकोस. त्या नदीत कारखान्यांनी काय काय सोडलंय ते अंबरनाथच्या पुलावर उभं राहिलं की नाकाला कळतं.

शनिवारी पगाराचा मेसेज आला की फोन कर, मी कल्याणला येते, दोघी मिळून घेऊ. बिल माझ्याकडे दे. आईने किंमत विचारली तर तिला फक्त रॉडची सांग, रीळ ताईने दिलं म्हण.