पायाला बांधलेली चिठ्ठी

(मुंबईतील निसर्ग-इतिहासाच्या एका जुन्या संग्रहाची ओळख या पाठात करून दिली आहे. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने शंभर-दीडशे वर्षे का जपून ठेवतात, हे येथे वाचा.)

घोडबंदर रोडने ठाण्याहून गायमुखापर्यंत तुम्ही कधी गेला आहात का? माजिवडा, मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी नावे बसमध्ये कानांवर पडतात. रस्त्याच्या कडेला उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या पाठीमागे येऊरचे डोंगर दिसतात. त्या डोंगरांवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल पसरले आहे. वाघबीळ हे नाव ऐकून हसू येते. आज तेथे बीळ दिसत नाही आणि वाघही दिसत नाही. नाव तेवढे राहिले आहे. जंगलात बिबटे मात्र अजून आहेत.

आता अशी कल्पना करा. पावसाळ्यानंतरची सकाळ आहे. तुम्ही बसची वाट पाहत उभे आहात. समोरच्या झाडावर चिमणीसारखा एक पक्षी येऊन बसतो. चिमणीसारखाच, पण त्याच्या गळ्यावर पिवळा ठिपका आहे. असा पक्षी तुम्ही पूर्वी पाहिलेला नाही. घरी विचारले तर अम्मी म्हणतात, "चिडिया असेल." अब्बा म्हणतात, "पोपटाचे पिल्लू असेल." दोघांपैकी कोणाचेच उत्तर तुम्हांला पटत नाही. मग विचारायचे कोणाला?

हाच प्रश्न १९०८ च्या सुमारास एका मुलाला पडला होता. त्याचे नाव सलीम. त्याचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील तो लहान असतानाच वारले. मामू अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात त्याला वाढवले. मामू शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्याला एक छर्‍याची बंदूक दिली होती. एके दिवशी सलीमने त्या बंदुकीने एक चिमणी मारली. हातात घेऊन पाहतो, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! तो धावत मामूंकडे गेला. मामूंनाही तिचे नाव सांगता येईना. पण त्यांनी "चल, जाऊ दे" असे म्हटले नाही. ते 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' या संस्थेचे सभासद होते. संस्थेचे सचिव मिलार्ड यांच्या नावे त्यांनी एक पत्र दिले आणि सलीमला त्यांच्याकडे पाठवले.

एका इंग्रज साहेबासमोर एकट्याने जायचे, तेही कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन! मुलगा किती घाबरला असेल याचा विचार करा. मिलार्डसाहेबांनी मात्र चिमणी नीट पाहिली आणि ती रानचिमणी आहे असे सांगितले. मग त्यांनी मोठ्या कपाटाचे खण एकामागून एक ओढले. प्रत्येक खणात पक्षी ओळीने ठेवलेले होते. शेकडो पक्षी! सलीमच्या चिमणीसारखी चिमणीही त्यांत होती. साहेबांनी त्याला वाचायला पुस्तके दिली. पुढे पक्ष्याचे कातडे सोलून त्यात कापूस कसा भरायचा, हेही त्याला तेथे शिकायला मिळाले. हाच मुलगा पुढे डॉ. सलीम अली या नावाने साऱ्या जगात प्रसिद्ध झाला.

ज्या संस्थेत सलीम गेला, तिची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ गृहस्थांनी ती सुरू केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी डॉक्टर होते. आरंभी ही मंडळी भायखळ्याच्या संग्रहालयात जमत. तेच आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय होय. पुढे फिप्सन नावाच्या सभासदाने आपल्या फोर्टमधील दुकानात त्यांना जागा दिली. कोणी सापाचे कातडे आणून देई, कोणी शिंगे आणून देई, कोणी फुलपाखरांची पेटी. कारवारहून एक जिवंत धनेश पक्षी आला. त्याचे नाव विल्यम ठेवले. धनेशाची चोच केवढी मोठी असते, हे तुम्ही चित्रात पाहिलेच असेल. सुमारे तीस फुटांवरून टेनिसचा चेंडू फेकला, तर विल्यम तो चोचीत झेलत असे. हा पाहुणा १८९४ पासून १९२० पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, संस्थेच्या कार्यालयात राहिला. संस्थेच्या बोधचिन्हात आजही धनेश आहे आणि तिच्या इमारतीचे नाव 'हॉर्नबिल हाऊस' असे आहे. हॉर्नबिल म्हणजे धनेश.

चला, आता आपण हा संग्रह पाहायला जाऊ. घोडबंदर रोडवरून बसने ठाणे स्टेशन गाठायचे. तेथून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. देशातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली होती. आपण त्याच मार्गाने उलट जात आहोत. स्टेशनवर उतरून काळा घोडा भागात गेले की मोठा पांढरा घुमट दिसतो. हे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पूर्वी याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत. ते १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. येथील निसर्ग-इतिहासाचे दालन सोसायटीच्या संग्रहातूनच उभे राहिले.

दालनात शिरल्यावर मुले सरळ वाघाकडे धावतात. धावू द्या. वाघ पाहून झाला की सावकाश मागे फिरा. काचेच्या मोठ्या कपाटांत जंगलाचे, पाणथळ जागेचे देखावे केले आहेत. गवा उभा आहे. धनेश आहे. रोहित पक्ष्यांचा थवा आहे. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत गुलाबी पक्ष्यांची रांग दिसते ना? तेच हे रोहित. खाडीत ते फार लांब असतात; येथे त्यांची वाकडी चोच हातभर अंतरावरून पाहता येते. ती अशी वाकडी का आहे, हे देखाव्यातच कळते. रोहित मान खाली घालतो, चोच उलटी करून पाण्यात धरतो आणि चिखलपाण्यातून आपले खाद्य गाळून घेतो.

१९२६ मध्ये याच दालनात सलीम अलींना नोकरी मिळाली. येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगणे हे त्यांचे काम होते. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. म्हणून पुढील शिक्षणासाठी ते जर्मनीत बर्लिनच्या संग्रहालयात गेले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात, तर पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली! मग ते अलिबागजवळ किहीम येथे जाऊन राहिले आणि दारातल्या झाडावर घरटी विणणाऱ्या सुगरण पक्ष्यांचा अभ्यास करू लागले. त्याच अभ्यासाने त्यांचे नाव झाले. पुढे हुमायून अब्दुलअली यांच्याबरोबर त्यांनी मुंबई आणि साष्टी बेटावरील पक्ष्यांची सविस्तर माहिती लिहिली. ती १९३६ ते १९३९ या काळात सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. घोडबंदर साष्टीच्या उत्तर टोकाला आहे. म्हणजे तुमच्या रस्त्याजवळचे पक्षीही त्या यादीत आले.

काचेमागे दिसतो तो संग्रहाचा छोटासा भाग. शेजारच्या हॉर्नबिल हाऊसमध्ये कपाटांच्या खणांत पक्षी, प्राणी, साप, बेडूक आणि कीटक यांचे एक लाखाहून अधिक नमुने ठेवले आहेत. (नमुना हा शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचा आहेच.) ते शोभेसाठी नसतात. पक्षी पाठीवर निजवलेला असतो. डोळ्यांच्या जागी कापूस असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला थोडे वाईटच वाटते. प्रत्येक नमुन्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेला, कोणी आणला, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते.

तुम्ही म्हणाल, पक्षी मारून त्याला चिठ्ठी बांधण्यात काय शहाणपण? प्रश्न योग्य आहे. त्या काळी चांगल्या दुर्बिणी आणि कॅमेरे सहज मिळत नसत. पक्षी हातात घेतल्याशिवाय त्याची ओळख पटवणे अवघड होते. आज तशी गरज सहसा पडत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा ठरला आहे. पण जे नमुने पूर्वी जमवले गेले, त्यांचा उपयोग जमवणाऱ्यांच्या स्वप्नातही आला नसेल अशा रीतीने झाला. इंग्लंडमध्ये बहिरी ससाणा झपाट्याने कमी होऊ लागला होता. उर्दू कवितेत भेटणारा शाहीन याच कुळातला. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने जुन्या संग्रहांतील अंडी तपासली. अंड्यांवर तारखा होत्या. सुमारे १९४७ नंतरच्या अंड्यांची कवचे पातळ झालेली आढळली. त्याच सुमारास शेतात डीडीटी हे कीटकनाशक वापरणे सुरू झाले होते. विष पक्ष्यांच्या पोटात जात होते आणि अंडी उबवताना फुटत होती. रॅटक्लिफने हे १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. जुन्या अंड्यांवर तारखा नसत्या, तर हे कसे कळले असते?

पण चिठ्ठी खोटी असेल तर? याचीही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राची आहे.

रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याची प्रथम शास्त्रीय नोंद केली. त्यानंतर जगातील सर्व संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने जमले. बहुतेक नमुने खानदेशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने मिळवले होते. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला मिळाला नाही. अपवाद एकच. माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधील मांडवी हे ठिकाण लिहिले होते. लोकांनी त्या भागात शोध घेतला. पक्षी काही सापडेना. तो नाहीसाच झाला असावा, असे अनेकांना वाटू लागले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंना त्या चिठ्ठीचा संशय आला. त्यांनी तो नमुना बारकाईने तपासला. त्याचे एक्स-रे काढले. आतील कापूस काढून नवा भरलेला होता, पण जुन्या कामाच्या खुणा राहिल्या होत्या. ती पद्धत डेव्हिडसनची होती! म्हणजे त्या अधिकाऱ्याने इंग्लंडमधील संग्रहालयातून डेव्हिडसनचाच पक्षी चोरला होता आणि त्याच्या पायाला स्वतःची खोटी चिठ्ठी बांधली होती. चोरी एका पक्ष्याची. पण शोधणाऱ्यांची कितीतरी वर्षे तिने वाया घालवली. माझ्या मते हा दुसरा गुन्हा पहिल्याहून मोठा.

रासमुसेन यांनी खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे पाहिली. आपल्या सोबत्यांसह त्या भारतात आल्या. आधी पूर्वेकडील जंगले पाहिली. तेथे काही हाती लागले नाही. मग ही मंडळी खानदेशात शहाद्याजवळ आली. हा भाग आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी एका उघड्या फांदीवर एक छोटे घुबड बसलेले दिसले. तो रानपिंगळा होता. एकशे तेरा वर्षांनी!

त्यानंतर मेळघाटात आणि इतर ठिकाणीही तो आढळला. २०१४ मध्ये तर तो आपल्या ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाभोवतीचे हे जंगल. तेथे तो आधीपासूनच राहत असणार. पण त्याची नोंद कोणी केली नव्हती. यावेळी कोणी बंदूक उचलली नाही. पाहणाऱ्यांनी त्याची छायाचित्रे घेतली आणि दिवस व ठिकाण लिहून ठेवले.

शब्दार्थ
निसर्ग-इतिहास – प्राणी, पक्षी, झाडे यांचा अभ्यास
खण – कपाटातील ओढून उघडायचा कप्पा
बोधचिन्ह – संस्थेची ओळख सांगणारे चित्र
देखावा – खरे दृश्य वाटेल अशी मांडणी
टंचाई – कमतरता, तंगी
कवच – अंड्याचे वरचे कठीण आवरण
नोंद – लिहून ठेवलेली माहिती

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सलीमने मारलेल्या चिमणीचे वेगळेपण कोणते होते?
(आ) विल्यम कोण होता?
(इ) नमुन्याच्या चिठ्ठीवर काय काय लिहिलेले असते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जुन्या अंड्यांवरून ससाण्यांविषयी कोणती गोष्ट उघड झाली?
(आ) रानपिंगळ्याचा शोध चुकीच्या ठिकाणी का घेतला गेला?

प्र. ३. मामूंनी सलीमला मिलार्डसाहेबांकडे पाठवले नसते, तर काय झाले असते असे तुम्हांला वाटते? आपल्या शब्दांत लिहा.

प्र. ४. पाठातील कोणते शब्द उर्दूतही वापरतात ते शोधा. त्यांपैकी पाच शब्दांचा मराठी वाक्यांत उपयोग करा. (उदा. नमुना, शिकार, शौकीन)

उपक्रम : घराजवळ किंवा शाळेजवळ दिसणारा एक पक्षी आठवडाभर पाहा. दररोजची तारीख, वेळ, ठिकाण आणि तो काय करत होता हे वहीत लिहा. पक्षी पकडू नका. घरट्याला व अंड्यांना हात लावू नका. वही वर्गात वाचून दाखवा.