चार गोडबोले आणि झुडपातले गॉब्लिन

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी नवं कॅरेक्टर बनवणारा माणूस तलवार कोणती घ्यायची, जादू कोणती घ्यायची यावर तासभर काथ्याकूट करतो. स्किलच्या यादीपाशी आला की मात्र आवडीच्या नावांपुढे खुणा करून दोन मिनिटांत मोकळा होतो. गेली काही वर्षं मी पुण्यात मित्रमंडळींच्या टेबलावर डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरची, खुर्ची सांभाळतोय. शस्त्रं कमी पडली म्हणून पार्टी बुडाल्याचं मी क्वचितच पाहिलंय. चौघांनी चार घरी बसून एकमेकांना न विचारता शीट भरून आणल्या की घोडं तिथेच पेंड खातं.

एक पार्टी तर अगदी नमुनेदार होती. खानदानी पॅलाडिन, नाटकमंडळीतून आलेली बार्ड, भामटेगिरी करून मोठा झालेला वॉरलॉक आणि पुस्तकी जादूगार. इंटिमिडेशन तिघांकडे, परस्युएशन दोघांकडे, डिसेप्शन दोघांकडे, आर्केना दोघांकडे, हिस्टरीही दोघांकडे. परसेप्शन, स्टेल्थ, सर्व्हायव्हल आणि अॅथलेटिक्स ही चारही कुणाकडेच नाहीत. प्रत्येक शीट सुटी वाचली तर झकास होती. चारही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की आपल्याकडे चार गोडबोले आहेत आणि पहारेकरी एकही नाही.

आम्ही खेळत होतो 2014 च्या स्टार्टर सेटमधलं 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर'. (ते खेळायचं राहिलं असेल तर हा परिच्छेद गाळा.) सुरुवातीलाच रस्त्यात दोन घोडे मरून पडलेले दिसतात आणि दोन्ही बाजूंच्या झाडीत चार गॉब्लिन दबा धरून असतात. डीएमने त्यांच्यासाठी एकच फासा टाकायचा, त्यात स्टेल्थचे 6 मिळवायचे आणि आलेला आकडा प्रत्येकाच्या पॅसिव्ह परसेप्शनशी ताडून बघायचा. पॅसिव्ह म्हणजे फासा न टाकता धरलेली नजर, 10 अधिक तुमचा बोनस. आमच्या चौघांचे आकडे 10, 10, 10 आणि 11. माझ्या फाशावर 7 पडले, म्हणजे 13. चौघेही बेसावध. "थांब, मी त्यांच्याशी बोलते," बार्ड म्हणाली. मी म्हटलं, "अगं, बोलशील कशी? पहिल्या फेरीत तुला काहीच करता येत नाही." दोन बाण जादूगाराला लागले. त्याचे हिट पॉइंट होते 7. तो आडवा झाला तेव्हा खेळणाऱ्याच्या हातची पोह्यांची बशीही संपली नव्हती.

आता हिशेब बघा. त्या चौघांत एकाचं विझडम 14 असतं आणि परसेप्शनमध्ये प्रोफिशियन्सी असती, तर त्याची नजर 14 झाली असती आणि 13 च्या गॉब्लिनना त्याने हेरलं असतं. 10 ची नजर हे गॉब्लिन शंभरात 80 वेळा चुकवतात, 14 ची 60 वेळा. म्हणजे परसेप्शन हा काही रामबाण उपाय नाही. पण एक जण जरी सावध असला तरी पहिल्या फेरीत पार्टीच्या बाजूने काहीतरी घडतं, आणि पहिल्या लेव्हलला तेवढ्यावर जीव वाचतो.

मग परसेप्शन कुणी घ्यायचं? गंमत अशी की 2014 च्या नियमांत पॅलाडिन, वॉरलॉक आणि जादूगार या तिन्ही क्लासच्या यादीत परसेप्शन नाहीच. ते पार्श्वभूमीतून किंवा वंशातून आणावं लागतं. सेलर पार्श्वभूमी घेतली की अॅथलेटिक्स आणि परसेप्शन दोन्ही मिळतात, एल्फला परसेप्शन जन्मजातच असतं. शिवाय डीएमशी बोलून पार्श्वभूमीतली दोन स्किल बदलून घेण्याची सोय नियमांतच आहे. ती फारसं कुणी वापरत नाही, का कोण जाणे. बार्डला मात्र अठरापैकी कुठलीही तीन स्किल उचलता येतात. ज्याच्या हातात सगळ्यात जास्त मोकळीक त्यानेच सगळ्यात आधी परस्युएशनवर झडप घालावी, हे मी कितीतरी टेबलांवर पाहिलंय.

माझ्या मते खरा प्रश्न एवढाच असतो, की हे स्किल वापरायची वेळ येते तेव्हा फासा कोण टाकतं? सरदाराची मनधरणी करायची तर पार्टीतला एकच जण बोलतो. दुसऱ्याने त्याला मदत केली की दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. जिथे यशाची शक्यता निम्मी होती तिथे ती 75 टक्के होते, आणि 2014 च्या नियमांत मदत करणाऱ्याकडे ते स्किल असण्याची सहसा गरजही नसते. मग तिसऱ्याच्या इंटिमिडेशनचा उपयोग काय? आर्केना, हिस्टरी, रिलिजन यांचंही तसंच. एकाला माहीत असलं की तो बाकीच्यांना सांगतोच.

स्टेल्थची गोष्ट अगदी उलटी. तिथे सगळ्यांनाच फासा टाकावा लागतो आणि एकाचा पाय वाजला की सगळे पकडले जातात. प्रत्येकाला 60 टक्के संधी असली तरी चौघेही निसटण्याची शक्यता जेमतेम 13 टक्के उरते. त्यात पॅलाडिनच्या अंगात चेनमेल असेल तर तो दोन फासे टाकून लहान आकडा घेणार. अशा वेळी डीएमने गटाची चाचणी धरली, म्हणजे निम्मे यशस्वी झाले की सगळे यशस्वी, तर तेच 13 टक्के 82 वर जातात. तुमचा डीएम कोणता नियम लावतो हे शीट भरण्याआधी विचारून घ्या. तो गटाची चाचणी घेत असेल तर दोघांनी स्टेल्थ घेतलं तरी भागतं. घेत नसेल तर एकट्याने पुढे जाऊन टेहळणी करणारा एक जण पक्का करा आणि बाकीच्यांनी त्या स्किलवर खर्चच करू नका.

मेडिसिनच्या नावाला भुलू नका. मरायला टेकलेल्या सोबत्याला स्थिर करायला त्यात 10 चा आकडा लागतो. तेच काम 5 सुवर्णनाण्यांची हीलर्स किट फासा न टाकता करते, तेही दहा वेळा. कुलूप उघडणं हे तर 2014 च्या नियमांत स्किलच नाही, त्यासाठी चोराच्या हत्यारांची प्रोफिशियन्सी लागते. तरी "स्लाइट ऑफ हँड आहे ना माझ्याकडे" म्हणत कुलपाशी झटणारे वॉरलॉक मला आजही भेटतात. सर्व्हायव्हल आणि अॅनिमल हँडलिंग यांचं मोल मोहिमेवर ठरतं. सगळी गोष्ट एकाच शहरात घडणार असेल तर ती सोडा, रानावनातून जायचं असेल तर सर्व्हायव्हल एकाकडे हवंच. इनसाइटला लोक कमी लेखतात. माझ्या टेबलावर तरी खोटं बोलणारे सरदार गॉब्लिनपेक्षा जास्त निघालेत.

आवडीचं काहीच घेऊ नये असं नाही. त्या बार्डने परफॉर्मन्स ठेवलं ते बरंच केलं, तिच्या शीटवर ते शोभतं. पण ते एक ठेवून इंटिमिडेशनच्या जागी परसेप्शन लिहिलं असतं तर तिचं काहीच गेलं नसतं. पुढच्या पार्टीपासून मी नियम केला, की पहिल्या बैठकीत स्किलचे रकाने कोरे ठेवूनच यायचं आणि ते टेबलावर सगळ्यांसमोर भरायचे. त्यात अर्धा तास जातो. आणि बार्ड खेळणाऱ्यांना एक विनंती: तुमची तिन्ही स्किल सगळ्यात शेवटी लिहा.