पेढीवरील संगणकाची मेमरी : निवड व जोडणी

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि आपल्यापैकी ज्यांनी तोवर संगणक टाळला होता, त्यांच्याही पेढीवर तो येऊन बसला. ती यंत्रे आता रेंगाळू लागली आहेत. विक्रेता नवे यंत्र घ्या म्हणतो. पुष्कळदा मेमरी, म्हणजे रॅम, वाढविल्याने काम भागते.

डिस्क हे वह्यांचे कपाट, तर रॅम ही दिवाणजींपुढील बैठक होय. बैठक अपुरी पडली की वही घटकोघटकी कपाटातून काढावी व परत ठेवावी लागते; विलंब होतो तो तेथेच. तथापि प्रथम टास्क मॅनेजर उघडून पाहावे. नित्याचे काम चालू असता मेमरी भरत आलेली दिसली, तरच खर्च करावा. स्लॉट किती व त्यांपैकी भरलेले किती, हेही तेथे कळते.

खरेदीत मुख्य गोष्ट म्हणजे जात. डीडीआर३, डीडीआर४ व डीडीआर५ या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डीडीआर३ च्या पट्टीस २४० पिना, पुढील दोहोंस २८८. पण त्या दोहोंतही खाच निराळ्या ठिकाणी असते. मी चिठ्ठीवर 'डीडीआर४, ८ जीबी' एवढेच लिहून गुमास्त्यास पाठविले. त्याने आणली ती लॅपटॉपची आखूड पट्टी! जात बरोबर, माप चुकलेले. पाकीट फोडलेले, म्हणून दुकानदाराने परत घेतले नाही. दोष माझाच. वानगी पाहिल्याविना गव्हाचा सौदा न करणारा मी, येथे वानगी पाठविण्यास विसरलो. आता जुनी पट्टीच सोबत देतो. तिच्या लेबलावर 'पीसी४' असेल तर ती डीडीआर४ समजावी. २४०० व ३२०० अशा भिन्न वेगांच्या पट्ट्या जोडल्यास दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात. सर्व्हरमधील 'रजिस्टर्ड' पट्ट्या स्वस्त मिळतात. साध्या यंत्रात त्या चालत नाहीत.

जोडणीपूर्वी यंत्र बंद करून वायर काढावी. धान्याच्या पेढीवर कॅबिनेटात धूळ व कोंडा हटकून साचतो. तो मऊ ब्रशाने झाडावा. कॅबिनेटाच्या धातूस हात लावून अंगातील स्थिर विद्युत उतरवावी आणि पट्टी कडांनीच धरावी. खाच जुळवून दोन्ही टोके सारखी दाबावीत. खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. खाच जुळत नसेल तर बळ मुळीच लावू नये. यंत्र सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला, तरी घाबरू नये. बहुधा पट्टी नीट बसलेली नसते. वायर पुन्हा काढून, पट्टी उचलून परत बसवावी.