वैद्यकीय अनुवाद : संज्ञा आणि शरीररचना

वैद्यकीय अनुवादकाने परिभाषेबरोबर शरीररचनाही का अभ्यासावी, हे ‘स्नायू’ व ‘पेशी’ या संज्ञांवरून स्पष्ट होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ९०० स्नायू व ५०० पेशी सांगितल्या आहेत. तेथे पेशी मांसाची, तर स्नायू हे सांधे बांधून ठेवणारे बंध होत. आधुनिक मराठीत मात्र आकुंचन पावणारा मांसल भाग स्नायू ठरला आणि पेशी हा शरीराचा मूलभूत सूक्ष्म घटक. हिंदीत या घटकाला ‘कोशिका’, तर मांसल भागाला ‘पेशी’ किंवा ‘मांसपेशी’ म्हणतात. साहजिकच हिंदीतील ‘पेशी’ मराठीत तशीच उतरली, तर स्नायूचा विकार पेशीचा होऊन बसतो व रुग्णाची दिशाभूल होते. अवयवाचे स्थान व कार्य जाणल्यावरच कोशातील प्रतिशब्दाची निवड सार्थ ठरते.