चार गावे आणि एकच ओळ

मराठीच्या प्रकल्पासाठी गतवर्षी मी घाटमाथ्यावरची दोन आणि घाटाखालची दोन अशी चार गावे हिंडले. प्रत्येक गावात दहा जणांशी बोलले आणि 'कुठे', 'कुठं', 'खंय' यांपैकी कोणते रूप त्यांच्या तोंडी सहज येते, ते वहीत टिपले. मोजणी मात्र संगणकाकडून करून घेण्याचा मोह झाला. त्यापायी जी फजिती झाली, तिच्यातून मिळालेला धडा कला शाखेच्या मित्रमैत्रिणींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

संगणकाला आज्ञा देण्यासाठी मी पायथन ही भाषा वापरली. नेदरलँड्सचे गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. चौकटी कंसात ओळीने मांडलेल्या गोष्टींना या भाषेत यादी म्हणतात, आणि यादीचा घटक ही पुन्हा एक यादी असू शकते. चार गावांच्या चार ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन रूपांचे तीन आकडे, असा माझा तक्ता म्हणजे यादीतल्या याद्याच. आरंभी सर्वत्र शून्य हवे, म्हणून मी लिहिले :

तक्ता = [[०] * ३] * ४

(अंक आणि पुढे येणारे आज्ञाशब्द यंत्राला रोमन लिपीतच द्यावे लागतात, येथे वाचकांसाठी देवनागरीत दिले आहेत.)

छापून पाहिले; चार ओळी, बारा शून्ये. मग चाळीस नोंदी भरल्या. उत्तर आले : चारही गावांत 'कुठे' १४, 'कुठं' ११, 'खंय' १५. मी हरखले! घाटाच्या दोन्ही अंगांना बोली एकच, असा निष्कर्ष लिहायलाही बसले. तेवढ्यात घाटमाथ्यावरच्या एक आजी आठवल्या. 'खंय' हा शब्द ऐकूनच त्या पदराआड हसल्या होत्या. त्यांच्या गावात पंधरा जण 'खंय' म्हणतात? आणि मी तर तेथे दहाच जणांशी बोलले होते!

घोटाळा त्या शेवटच्या गुणाकारात होता. त्याने चार ओळी केल्याच नाहीत. एकच ओळ केली आणि तिचा पत्ता चार ठिकाणी लिहिला. एखादा गृहस्थ घरी बाळू, शाळेच्या दाखल्यात बाळकृष्ण आणि कचेरीत बाळासाहेब असतो. पाय मोडला तर तिघांचाही मोडतो. तसेच येथे झाले. आतल्या शून्यांच्या गुणाकाराने मात्र काही बिघडत नाही. शून्याच्या जागी एक लिहिताना मूळ शून्य बदलत नाही, त्या जागी दुसरा अंक येतो इतकेच.

पहिली चूक सुधारताना मी दुसरी केली. आवर्तनाच्या बाहेर एक कोरी ओळ तयार केली आणि 'ॲपेंड'ने ती चार वेळा तक्त्यात घातली. पुन्हा तीच ओळ, तेच चार पत्ते! ओळ दर वेळी नव्याने जन्मली पाहिजे :

तक्ता = [[०] * ३ फॉर गाव इन रेंज(४)]

येथे प्रत्येक फेरीत कंसातली यादी नव्याने घडते. आता चार ओळी खरोखर चार झाल्या.

तिसरी चूक अधिक फसवी. घाटाखालच्या एका गावात मी जिची नोंद घेतली, ती वरच्या गावातून नुकतीच लग्न होऊन आलेली होती. तिला वगळून काय दिसते ते पाहावे, म्हणून 'कॉपी' या आज्ञेने तक्त्याची नक्कल केली आणि नकलेत त्या गावाचे 'कुठे' दोनावरून एकावर आणले. मूळ तक्ता उघडला, तर तेथेही एकच! ही आज्ञा फक्त बाहेरची यादी नवी करते. आतल्या ओळी जुन्याच राहतात. पुस्तकाची अनुक्रमणिका उतरवून घ्यावी आणि पुस्तक उतरवले असे समजावे, तशातला हा प्रकार. आतल्या ओळींसकट नक्कल हवी असेल, तर 'डीपकॉपी' वापरावी लागते. माझी वही हाताशी होती, म्हणून मूळ आकडा परत मिळाला.

या तिन्ही वेळा यंत्राने एकदाही तक्रार केली नाही. त्याला दिलेली आज्ञा त्याने चोख पाळली होती. चूक माझ्या समजुतीत होती. म्हणून आता मी तक्ता मांडला, की आधी एकाच घरात एक लिहिते आणि सगळा तक्ता छापून पाहते. तो एक आणखी कोठे उमटला, तर ओळी वेगळ्या नाहीत हे तत्काळ कळते. शिवाय प्रत्येक ओळीची बेरीज वहीशी ताडून पाहते.

दुरुस्त तक्त्यात घाटमाथ्यावरच्या दोन्ही गावांत 'खंय'खाली शून्य आले, आणि घाटाखालच्या गावांत सात व आठ. निष्कर्षाचे पान मी फाडून टाकले. आजींनी कधी न उच्चारलेला शब्द मी त्यांच्या तोंडी घालणार होते. तो अपराध थोडक्यात टळला.