जुना संगणक, हलका सर्व्हर

मैत्रिणींनो, संघाच्या कार्यालयात जुना संगणक धूळ खात पडलाय? भंगारात देऊ नका. बैठकांच्या तारखा, कर्जाचे कोरे अर्ज, मालाचे दर त्यावर ठेवले, तर कार्यालयाच्या वायफायवर प्रत्येकीला मोबाईलवर बघता येतात. इंटरनेटचा रिचार्जही लागत नाही. त्यासाठी हवा वेब सर्व्हर, म्हणजे मोबाईलने पान मागितलं की ते काढून देणारा प्रोग्राम.

कोणता निवडायचा?

१) अपाची : १९९५ पासूनचा, कामाला पक्का. पण त्याच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक जोडणीला वेगळी प्रोसेस लागते. पंगतीत दर पानामागे एक वाढपी उभी केल्यासारखं! रॅम कमी असली की संगणक अडखळतो.

२) लाइटटीपीडी (२००३) आणि एनजिनएक्स (२००४) : इथे एकच वाढपी सगळ्या पंगतीकडे बघते, जिला हवं तिला वाढते. म्हणून रॅम थोडी पुरते.

३) बिझीबॉक्सचा एचटीटीपीडी : अगदी छोटा. नुसती तयार पानं दाखवायला पुरे.

हे सगळे लिनक्सवर फुकट मिळतात. आपल्या कामाला लाइटटीपीडी बरा.

एक मात्र ध्यानात ठेवा. सभासदांचे आधार क्रमांक, कर्जाची बाकी त्या फोल्डरमध्ये अजिबात ठेवू नका. वायफाय जोडलेला कुणीही ते वाचू शकतो, आणि एकीची थकबाकी गावभर व्हायला वेळ लागत नाही. जुनी हार्डडिस्क कधीही दगा देते, तेव्हा दर आठवड्याला पेनड्राइव्हवर प्रत काढा.

पुढच्या बैठकीत ठरवा : आपल्या संगणकाची रॅम किती, आणि पहिलं पान कशाचं?